डॉक्टरांना होकार

तीर्थस्वरूप वन्संच्या सेवेशी,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून असं लिहिलंय खरं, पण हॉस्पिटलच्या स्टुलावर बसून बसून कंबर अशी धरली आहे, की खरोखर वाकले तर मला उचलायला कोणीतरी यावं लागेल. तेव्हा हा नमस्कार मनानेच वाकलेला समजावा.) तुमचे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सर्व कुशल आहे असं पुढे लिहायची पद्धत आहे. ते वाक्य मी लिहिलं आणि खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पुन्हा खोडलं, ती खाडाखोड तुम्हाला वर दिसेलच. म्हणून आता सरळ सांगते. तुमचे बंधू हॉस्पिटलात आहेत. घाबरू नका. मी हे लिहितेय तेव्हा ते समोर खाटेवर मांडी घालून बसलेत आणि बिस्किट चहात बुडवून ते मोडायच्या आत बाहेर काढता येतं का, याचे प्रयोग चालू आहेत. दोन बिस्किटं आतापर्यंत तळाशी गेली.

फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू कमी येतं. मग मला ओरडावं लागतं, आणि भरल्या वॉर्डात ‘पडले, पडले, दाढी करताना पडले’ असं ओरडून सांगण्यात काही शोभा नाही. शिवाय तुम्ही रडला असतात, मग मी रडले असते आणि हे आपलं दोघींचं ऐकत पडून राहिले असते. पत्राचं तसं नाही. भरून आलं तर पेन खाली ठेवता येतं.

तर झालं असं, की सकाळी हे आरशासमोर उभे होते. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता, आणि तसेच खाली बसले. बसले म्हणजे पडलेच. मी पाणी मारलं, डोळे उघडले, आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील? ‘वस्तरा जपून, पायाखाली येईल.’ शेजाऱ्यांनी त्यांच्या गाडीतून इथे आणलं, अर्ध्या साबणासकट. इथे छातीला वायरी लावल्या, टीव्हीसारखं एक यंत्र उशाशी ठेवलं आणि निदान निघालं ते असं, की ह्यांचं हृदय चालता चालता मधेच थांबतं. थोडं थांबतं, मग त्याला आठवतं आणि पुन्हा चालू लागतं. आयुष्यभर कामावर कधी रजा मागितली नाही, म्हणून आता हृदय परस्पर सुट्टी घेतंय, असं हेच म्हणाले. नर्सबाई हसल्या. मला काही हसू आलं नाही, वन्सं. ते थांबल्यावर त्याला आठवलंच नाही तर, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

यावर उपाय म्हणजे गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत एक छोटं यंत्र बसवायचं, म्हणजे हृदय विसरलं की ते आठवण करून देतं. (थोडक्यात, घरात मी जे करते ते.) हे सांगणारा डॉक्टर म्हणजे एक उंच, किडकिडीत, केस न विंचरलेला मुलगा. मुलगा म्हणजे चाळिशी उलटलेला, पण आपल्या वयाला आता सगळे मुलगेच दिसतात. छातीत कफ आहे, अंगात बारीक ताप आहे, तो उतरला की करू, एवढं बोलला आणि पुढच्या खाटेकडे गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. घरात नवीन नळ बसवायचा तर मी तीन प्लंबरांना बोलावून बघते, आणि इथे ह्यांच्या छातीला हात लावणारा माणूस कोण, कुठला, काही पत्ता नाही. मी मनाशी ठरवलं, या मुलाची नीट चौकशी झाल्याशिवाय मी कशालाही हो म्हणणार नाही. रोज राउंडला तो ‘तुमचा होकार आहे ना’ असं विचारायचा आणि मी ‘बघू’ म्हणून वेळ काढायचे.

सुरुवात रीतसर केली. त्याच्या तपासणीच्या खोलीत पदवी टांगलेली आहे, पण इतकी उंच, की ती वाचायला पेशंट चढतात त्या पायरीवर उभं राहावं लागलं. तशी उभी असताना नर्सबाई आल्या आणि मला वजन करून घ्यायचंय असं समजून हात धरून काट्यावर घेऊन गेल्या. (वजन वाढलंय. ते जाऊ दे.) पण तोवर मी नोंदणी क्रमांक पाठ केला होता. मग डॉक्टरांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत फोन लावला. तिथल्या कारकुनाने सभ्यपणे सगळं सांगितलं. नाव नोंदलेलं आहे, पदवी खरी, वरची पदवीही खरी, नोंद चालू आहे, तक्रार एकही नाही. मी विचारलं, हाताला कसा आहे? तर म्हणाला, बाई, आमच्याकडे हाताचा रकाना नाही. मग लेकीला सांगितलं, तिने तिकडे परदेशात बसून फोनवर बघितलं. लोक म्हणे डॉक्टरांना तारे देतात. याला बरेच तारे होते, फक्त एकाने एकच दिला होता, का तर हॉस्पिटलपाशी गाडी लावायला जागा मिळाली नाही. आता यावरून माणसाने काय ओळखायचं?

शेवटी मी आपल्या पद्धतीवर आले. माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे, तुमच्या थोरलीच्या वेळी तुम्ही ती डोळ्यांनी बघितली आहे. तो इंजिनिअर सगळ्यांना पसंत होता, पण शर्टाचं एक बटण तुटलं म्हणून लॉंड्रीवाल्याला तो काय काय बोलला, ते त्या लॉंड्रीवाल्यानेच मला सांगितलं आणि ते स्थळ तिथेच संपलं. नातेवाइकांना विचारायचं नाही, ते गोडच बोलतात. ज्यांचा माणसाशी रोजचा संबंध आहे त्यांना विचारायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आपण कशासाठी विचारतोय ते सांगायचं नाही, कारण हेतू कळला की लोक जपून बोलतात. या पद्धतीने आपल्या घरातल्या सगळ्या मुली सुखात पडल्या. मग तीच पद्धत डॉक्टरला का लावू नये, असा मी विचार केला. इथेच माझं गणित चुकलं, पण ते नंतर कळलं.

पत्ता कुठून मिळवला ते विचारू नका. (कँटीनवाल्याकडून. तो त्याच रस्त्याला राहतो.) ह्यांना सांगितलं, घरी जाऊन कपडे बदलून येते, आणि गेले थेट त्याच्या इमारतीत. वॉचमन म्हणाला, डॉक्टर आधी आपल्याला हात करतात, मग आपण त्यांना करतो. लॉंड्रीवाला म्हणाला, प्रत्येक शर्टाच्या खिशात पेन राहतं, शाई पसरते, पण आजवर आवाज चढवलेला नाही. न्हाव्याने सांगितलं, केस कापता कापता खुर्चीतच झोपतात, मान सरळ धरून ठेवावी लागते. (म्हणजे झोप पुरत नाही, याची मी मनात नोंद केली.) वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तर आत बोलावून चहाच केला. मुलगा कसा आहे हो, मी विचारलं. रागीट नाही ना? काही व्यसन? घरी कोण कोण असतं? आईशी कसा वागतो? भूक लागली की कसा बोलतो? वन्सं, हे प्रश्न माझ्या तोंडून सवयीने एकामागून एक येतात, मला आठवावे लागत नाहीत. त्या बाई खुर्ची पुढे ओढून सांगायला लागल्या. मुलगा सोन्यासारखा आहे, आईचा एकुलता एक, दोष एकच, बासरी वाजवतो आणि फार वाईट वाजवतो. पण बेल वाजवून सांगितलं तर लगेच थांबतो आणि माफी मागतो. मी खूश झाले. आणखी काही आठवलं तर कळवा, असं म्हणून माझा फोन नंबर दिला आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. पलीकडून एक म्हातारा, गोड आवाज. मी मुलाची आई बोलतेय, तुम्ही चौकशी करताय असं कळलं, मग इकडे तिकडे कशाला, मलाच विचारा की. मी जरा ओशाळले, पण मनात म्हटलं, बघा, केवढे मोकळे लोक. मी सांगितलं, माझे यजमान हॉस्पिटलात आहेत, मला हलता येत नाही. तर म्हणाल्या, मीच येते. आणि भेटीच्या वेळेला खरंच आल्या. ठेंगण्या, स्वच्छ, हातात फुलांचा लहानसा गुच्छ, नवे बूट घातलेले आणि ते चावत असावेत अशी चाल. स्टुलावर बसल्या, ह्यांची आपुलकीने विचारपूस केली आणि मला म्हणाल्या, सगळं ह्यांच्या डोळ्यांदेखत व्हावं असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. मी म्हटलं, हो, ह्यांना जागंच ठेवणार आहेत, फक्त तेवढी जागा बधिर करतात. त्यांनी मान वळवून वॉर्डभर नजर फिरवली. मग हळूच विचारलं, मुलगी कुठे आहे? मी म्हटलं, परदेशात, दोन मुलं आहेत तिला.

इथे तुमचे बंधू हसायला लागले. त्यांना माझ्या आधी कळलं होतं. (त्यांना नेहमीच माझ्या आधी कळतं आणि ते सांगत नाहीत, ही तुमच्या माहेरची जुनी खोड आहे.) हसताना उशाचं यंत्र कोकलायला लागलं, नर्सबाई धावत आल्या, वायर निघाली होती ती पुन्हा चिकटवली आणि पेशंटला हसवू नका म्हणून मलाच दटावून गेल्या. मग मी त्या माउलीला खरं काय ते सांगितलं. वॉचमनपासून बासरीपर्यंत सगळं. मला वाटलं, आता ही बाई रागावून उठणार. पण त्या रागावल्या नाहीत. हातातल्या गुच्छाकडे बघत म्हणाल्या, ‘इतक्या वर्षांनी कोणी चौकशीला आलं, म्हणून धावत आले हो.’

वन्सं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण आपल्या माणसासाठी धावतो आणि वाटेत कोणाच्या कुठल्या आशेवर पाय पडतो ते कळतही नाही. मी त्यांचा हात धरला. तर त्याच म्हणाल्या, आता आलेच आहे तर चौकशी अर्धी सोडू नका, विचारा काय ते. मी म्हटलं, तुम्ही आई, तुम्ही चांगलंच सांगणार. त्या म्हणाल्या, ते खरं, म्हणून चांगलं सांगतच नाही. एखादा पेशंट गेला की तो घरी येऊन जेवत नाही. बासरीही वाजवत नाही. नुसता बसतो आणि पहिल्यापासून सगळं मनात पुन्हा तपासत राहतो, आपलं कुठे चुकलं का. अशा माणसाशी कोण लग्न करणार, सांगा. मी विचारलं, ‘म्हणजे पेशंट जातात?’

‘जातात की,’ त्या म्हणाल्या. ‘डॉक्टर आहे तो.’

एवढ्या जणांना विचारलं, पण हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि मी विचारलंही नव्हतं. तेवढ्यात स्वारी राउंडला आली, मागे शिकाऊ डॉक्टरांचं लटांबर, आणि बघतो तर पेशंटच्या स्टुलावर स्वतःची आई. आई शांतपणे म्हणाली, चौकशीला आले होते. त्या मुलाचा चेहरा लाल झाला. शिकाऊ डॉक्टर छताकडे बघू लागले. त्याने ह्यांची नाडी बघितली, ती बघण्यात बराच वेळ घालवला आणि आईला रिक्षापर्यंत सोडायला गेला.

मग एकटाच परत आला. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. पण तो स्टुलावर बसला. (डॉक्टर बसतात हे मी इथे पहिल्यांदाच बघितलं. सगळे उभ्यानेच बोलतात.) म्हणाला, वॉचमनने सांगितलं, लॉंड्रीवाल्याने सांगितलं, न्हाव्यानेही सांगितलं, आता मला विचारायचं राहिलं असेल तर विचारा. माझे नेहमीचे प्रश्न एकही आठवेना. शेवटी मनात होतं तेच विचारलं. हे यंत्र बसवताना तुमच्या हातून कोणी गेलंय का?

त्याने गळ्यातला स्टेथोस्कोप काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, ‘एक आजी गेल्या. ताप पुरता उतरला नव्हता आणि मी थांबलो नाही. म्हणून आता थांबतो.’

वन्सं, त्या क्षणी मला कळलं, की इतके दिवस मी शोधत होते तो असा डॉक्टर, ज्याच्या हातून कधी कोणी गेलंच नाही. असा डॉक्टर कुठेच नसतो, आणि असला तर त्याने अजून सुरुवातच केलेली नसते. मला भीती वाटत होती, अजूनही वाटते आहे. पण ज्याला त्या आजी अजून आठवतात, त्याला तुमचे बंधूही आठवणीत राहतील, ते उद्या वॉर्डातली एक खाट म्हणून त्याच्यासमोर येणार नाहीत, असं वाटलं. मी पदर सावरून बसले आणि म्हटलं, आमच्याकडून होकार आहे. तो हसला नाही, हे मला आवडलं. बरं, म्हणाला, ताप उतरलाच आहे, बुधवारी सकाळी करू.

तर हे असं आहे. तुम्ही काळजी करू नका आणि मुख्य म्हणजे येऊ नका. गुडघ्यांचं दुखणं घेऊन एवढा प्रवास कशाला? इथे मी आहे, मी खंबीर आहे, जेवते वेळेवर, झोपते वेळेवर, मला कोणाची गरज नाही. बुधवारी दुपारी फोनवरून कळवीन, तेव्हा फोन उजव्या कानाला लावा, त्याने तुम्हाला बरं ऐकू येतं. हे पत्र शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांचे जावई घेऊन येताहेत, ते तुमच्याच गावी कामाला निघालेत. माणूस चांगला आहे (चौकशी केली आहे), त्यांना चहा द्या. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुम्हाला पुन्हा एकदा मनानेच वाकून नमस्कार.

तुमची
धाकटी भावजय

ता. क. लिहायचं मुख्य राहिलंच. तुमच्या सगळ्यांत धाकट्या नणंदबाई, त्या ग्रंथालयात काम करणाऱ्या, त्यांनी अजून लग्न केलेलं नाही ना? त्यांचा एक अलीकडचा फोटो याच जावयांबरोबर पाठवा. मुलाची पूर्ण चौकशी झालेली आहे, इतकी चौकशी आजवर मी कुठल्याच स्थळाची केली नव्हती. बासरीचं मात्र त्यांना आधीच सांगून टाका, मला लपवाछपवी चालत नाही.

ता. क. दुसरा. नणंदबाईंच्या इमारतीतल्या लॉंड्रीवाल्याचा नंबरही कळवा. राग मानू नका, पण त्या माउलीला मी मागाहून फोनवर शब्द दिलाय. या वेळी मी मुलाकडची आहे.

ता. क. तिसरा, आणि हा माझा. ताई, पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आलंय आणि ही पाणी आणायला गेली आहे, म्हणून घाईत लिहितो. अक्षर समजून घे, हाताला सुई आहे. डॉक्टरांना मी दाखल झालो त्याच दिवशी हो म्हणून टाकलं होतं. बुधवारसुद्धा, ताप उतरला तर, तेव्हाच ठरला होता. त्यांना मीच विनवलं, की हिचा होकार शेवटपर्यंत मागत राहा, घाई करू नका. कारण ही चौकशीला बाहेर पडली की रडत नाही. ते बिचारे कबूल झाले. त्यांच्या आईला मात्र यात विनाकारण त्रास झाला, तेव्हा फोटोचं जरूर बघ.

पण आता होकार देऊन झाला आणि हिच्याकडे करण्यासारखं काहीच उरलं नाही. काल दुपारभर खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं, रस्ता बघतेय. वर लिहिलंय ना, जेवते, झोपते? त्यातलं काही खरं नाही. पत्र आणणारे जावई मंगळवारी सकाळी गाडीने परत निघणार आहेत, पुढची सीट तुझ्यासाठी ठेवायला सांगितली आहे, पाय लांब करून बसता येईल. ये. हिने येऊ नका लिहिलंय तिकडे लक्ष देऊ नकोस. बुधवारी मला आत नेतील तेव्हा माझ्याजवळ डॉक्टर असतील, नर्सबाई असतील, चारपाच माणसं असतील. हिच्याजवळ कोणी नाही.